अण्णांनी राखलेलं गवत

श्रावणातल्या एका सोमवारी अण्णा गोठ्यात गेले आणि तिथंच पडले. दुपारी विधी करायला जंगमस्वामी आले. दिवस मावळायच्या आत अण्णांना माळावर, आई-वडिलांच्या, अव्वा आणि आप्पांच्या शेजारी बसवलं.

आम्ही लिंगायत. आमच्यात माणसाला जाळत नाहीत. खड्ड्यात बसवतात, कपाळाला विभूती लावतात, बेलाची पानं वाहतात आणि माती लोटतात. ज्याला स्वतःचं रान आहे त्याला त्याच्या रानातच. म्हणून कुणी गेल्याचं कळलं की आमच्याकडची माणसं आधी ‘कधी गेले’ असं विचारत नाहीत, ‘कुठं बसवलं’ असं विचारतात. माझे थोरले भाऊ, अण्णा, कुठं बसले आहेत हे मला डोळे मिटूनही सांगता येईल. माळाच्या उगवतीला, बोरीपासून जवळ. त्यांच्यावरची माती अजून पुरती दबलेली नाही.

आता कार्तिक लागला आहे. दिवाळीच्या सुट्टीत नांदेडहून गावी आलो. तिथं मी एका कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरी करतो. दिवसभर पुस्तकं देणं, घेणं, जागेवर लावणं. गाव उदगीरपासून फार लांब नाही, पण बस बदलत यावं लागतं. पोचेपर्यंत उन्हं कलली होती. घरात पाणी पिऊन तसाच माळावर गेलो.

माळावरचं गवत उभंच होतं.

या महिन्यात आमचा माळ कधी असा पाहिला नव्हता. पवन्या गवत तांबूस होऊन कमरेला लागत होतं. खालून वारा आला की सगळं रान एका अंगावरून दुसऱ्या अंगावर वळल्यासारखं व्हायचं. धोतरा-पायजम्याला धरणारी कुसळं, त्यांच्यात अडकलेले कोळ्याचे धागे, आणि पिकलेल्या गवताला येतो तो कोमट, थोडा गूळमट वास. हा वास आला की आमच्या घरी विळे धारेला लागायचे. अण्णा ओट्यावर बसून दगडावर पाणी शिंपडायचे आणि विळा पुढं-मागं, पुढं-मागं. त्या आवाजानंच मला दिवाळी संपल्याचं कळायचं. यंदा घरात तो आवाज नाही. वहिनींनी विळे गोठ्याच्या आढ्याला खोचून ठेवले आहेत. गोठ्यातली जनावरंही गेली. अण्णांच्या मागं त्यांचं करायला कुणाला वेळ नव्हता.

“काका, गवत कापून करायचं काय?” शिवा म्हणाला. शिवा अण्णांचा मुलगा. तिशीचा आहे, ट्रॅक्टर चालवतो, सोयाबीन पेरतो आणि पावसानं दडी मारली की आभाळाकडं न बघता मोबाइलकडं बघतो. “खाणारं कोण ऱ्हायलंय? मी म्हणतो, माळाचं काहीतरी करू.”

त्याचं काहीतरी त्यानं ठरवलेलं होतं. रस्त्याकडेच्या या माळावर त्याला लग्नाचं लॉन करायचं आहे. उदगीर जिल्हा होणार, असं आमच्याकडं बरीच वर्षं बोललं जातं. जिल्हा झाला की माणसं वाढणार, माणसं वाढली की लग्नं वाढणार, असा त्याचा हिशेब. हिरवी हरळी, कडेनं अशोकाची झाडं, एका टोकाला स्टेज. मी ऐकत होतो. त्याच्या बोलण्यात वाईट काही नव्हतं. तीन पावसाळे त्यानं सोयाबीन वाळताना पाहिलं आहे.

जिल्हा होणार, हे मी पहिल्यांदा ऐकत नव्हतो.

लातूर जिल्हा नवा झाला तेव्हा मी शाळेत होतो. त्याआधी आम्ही उस्मानाबादचे. कागद घेऊन तिकडं जायचं म्हणजे माणसाचे दोन दिवस मोडायचे. जिल्हा झाल्यावर पारावर गुलाल उडाला होता म्हणे. पण मला आठवतो तो त्यानंतरचा दुष्काळ. पारावर बसून एक म्हातारा म्हणायचा, “जिल्हा तर जवळ आला बाबा. पाणीच तेवढं लांब गेलं.” माणसं हसायची. पुढं कितीतरी वर्षांनी लातूरला आगगाडीनं पाणी आणावं लागलं, ते सगळ्यांना ठाऊक आहे. आमच्या लहानपणच्या त्या उन्हाळ्याची कुणाला आठवण नाही. दुष्काळांतही काही गाजतात, काही नुसते होऊन जातात.

विहिरीच्या तळाला झरा उकरून वाटीनं पाणी भरत. घागर भरेपर्यंत आत उतरलेल्या माणसाची पाठ ओली आणि घसा कोरडा. लिंबाचे डहाळे तोडून जनावरांना घातले, ते संपल्यावर पळसाची पानं. मग लोकांनी छपरावरचं जुनं, धुरानं काळं पडलेलं गवत ओढून काढलं. बैल ते तोंडात धरायचे आणि चघळत उभे राहायचे. गिळायचे की नाही कोण जाणे. दुपारी घरात झोपलं की वरून ऊन थेट अंगावर पडायचं, कारण तिथलं गवत गोठ्यात गेलेलं. काही लोकांनी आपल्या माळाचं गवत खुरप्यानं मुळासकट उकरून नेलं. त्यांच्या माळावर पुढची कितीतरी वर्षं नुसता मुरूम दिसायचा. आमच्या अव्वानं मात्र आमच्या माळाला खुरपं लावू दिलं नाही. तिचं माहेर बिदरकडचं. रागावली की कानडीत बोलायची. “वरचं घ्या. मुळाला हात लावायचा न्हाई,” एवढं मराठीत बोलून बाकीचं ती कानडीत बोलली, आणि अण्णा मुकाट्यानं खुरपं ठेवून आले.

आप्पा तेव्हा लातूरला होते. नव्या जिल्ह्याच्या कचेऱ्यांची बांधकामं निघाली होती, तिथं विटा वाहायला आमच्या गावची पुष्कळ माणसं गेली होती. महिन्या-पंधरवड्यानं आप्पा यायचे, चुन्यानं पांढरे झालेले. घरात मग अव्वा, अण्णा, मी. आणि चैत्रात आलेली आमची बहीण.

तिचं नाव ठेवलं नव्हतं. आप्पा येतील तेव्हा बारसं करू, असं चाललं होतं. अव्वा तिला ‘कूसु’ म्हणायची. कानडीत तान्ह्या बाळाला म्हणतात तसं. आम्हीही कूसुच म्हणू लागलो. तिच्या पाळण्यावर ओलं फडकं टाकायचं आणि ते वाळलं की पुन्हा ओलं करायचं, हे काम माझ्याकडं होतं. ते फडकं वाळताना करपल्यासारखा वास यायचा. तिच्याबद्दल माझ्याजवळ एवढंच आहे. ती रडताना आवाज मोठा नसायचा.

वैशाखात ती गेली. अंगात ताप होता, दूध घेत नव्हती. सकाळी अव्वा तिला मांडीवर घेऊन बसली ती बसलीच. गावातले म्हातारे जंगमस्वामी आले. अव्वाच्या लुगड्याच्या फडक्यात गुंडाळून अण्णांनी तिला घेतलं. अण्णा तेव्हा अठरा-एकोणीसचे, मिसरूड नुकतं दिसू लागलेलं. खांद्यावर पहार, हातात ती. मी मागं निघालो. बोरीखाली आल्यावर अण्णा म्हणाले, “तू हितंच बस.”

आमच्या माळाला मधोमध एक उंचवटा आहे. बोरीखालून पलीकडचं दिसत नाही. अण्णा आणि स्वामी चढून गेले, पलीकडं उतरले. मग मुरमावर पहार पडल्याचा आवाज येऊ लागला. जमीन इतकी वाळली होती की पहार आधी उडायची आणि मग रुतायची. दोन आवाज वेगवेगळे ऐकू यायचे. मी बोरीच्या काटक्या मोडत बसलो. आवाज थांबल्यावरही बराच वेळ ते आले नाहीत.

घरी आल्यावर अव्वानं एकच विचारलं.

“दगड ठिवलास का वर?”

“न्हाई अजून. नेऊन ठिवतो सांजच्याला.”

“ठिवू नको.” अव्वा भिंतीकडं तोंड करून बोलत होती. “दगड दिसला की मी रोज तिथंच जाऊन बसंन. घर कोण बघंल? मला जागा सांगू बी नको.”

अण्णांनी दगड ठेवला नाही. आठ दिवसांनी आप्पा आले. पाळणा माळ्यावर गेलेला बघून उभे राहिले. “कुठं बसवलं?” असं त्यांनी अण्णांना विचारलं. “माळावर,” अण्णा म्हणाले. आप्पांनी मान हलवली. त्यांनी पुढं विचारलं नाही आणि अण्णांनी पुढं सांगितलं नाही. दोन दिवस राहून आप्पा विटा वाहायला परत लातूरला गेले.

पुढच्या साली पाऊस बरा झाला. मुळं शाबूत होती म्हणून आमच्या माळावर गवत आलं, आसपास कुणाच्या नाही एवढं आलं. कार्तिकात अण्णांनी बायका लावून कापणी केली आणि एकट्यानं फिरून अधेमधे काही झुबके उभे ठेवले. उंचवट्याच्या अलीकडं दोन, पलीकडं तीन-चार, एखादा अगदी बांधाला. पेंढ्या बांधणारी एक बाई त्यांना म्हणाली होती, “अण्णा, रान कापलं का उंदरानं कुरतडलं?” बायका विळे हातात धरून हसल्या. अण्णाही हसले. पण ते झुबके त्यांनी कुणाला कापू दिले नाहीत, आणि जनावर तिकडं वळलं की लांबून हाळी द्यायचे.

दर वर्षी तसंच. मी पुढं शिकायला नांदेडला गेलो, तिथंच राहिलो. सुट्टीत आलो की कापलेला माळ आणि त्यावर ते उभे झुबके दिसायचे, वाऱ्यात एकेकटे हलताना. मला वाटायचं, ते सगळे तिच्यासाठी असावेत. एकदा दोघं बोरीखाली भाकरी खात होतो तेव्हा मी तसं बोललो.

“सगळे न्हाईत,” अण्णा म्हणाले. “एकच हाय तिचा. बाकीचे उगं.”

“उगं कशाला?”

“अव्वा हितून जाती-येती की रे. एकच ठिवला तर तिला कळंल.”

“मग कुठला तो?”

अण्णांनी कांद्याला बुक्की मारली. “तुला सांगितलं तर तुझं तोंड बघून कळंल तिला. तू लहानपणापास्नं तसाच हायस. पुस्तकावानी उघडा.”

अव्वाला कळलं नाही, असं मी म्हणणार नाही. मरेपर्यंत ती त्या माळावरून शेण-गोवऱ्यांना गेली. झुबक्यांपाशी ती कधी थांबली नाही. एकाहीपाशी नाही. पण जाताना तिचा पाय सगळ्यांना सारखाच वळसा घालायचा. ती गेल्यावर मी अण्णांना पुन्हा विचारलं होतं. आता तर सांगा. अण्णा म्हणाले, “आता कशाला?” आणि बैलाला पाणी दाखवायला गेले. मला वाटतं, इतकी वर्षं जवळ ठेवलेली ती एक गोष्ट कुणाच्या हातात द्यावी असं त्यांना वाटलं नाही. वहिनींनाही त्यांनी सांगितलं नव्हतं. “मी लई विचारलं हो भावजी,” वहिनी परवा म्हणाल्या. “म्हणायचे, तुला काय करायचंय, तू भाकर वाढ.” बोलता बोलता त्या हसल्या आणि पदर तोंडाला लावून आत गेल्या.

यंदा कापणी झाली नाही. त्यामुळं झुबके नाहीत, आणि ते नेमके कुठं असायचे हे उभ्या गवतात सांगता येत नाही. सगळं रान एकाच उंचीचं झालं आहे.

शिवा मला उदगीरला यंत्र बघायला घेऊन गेला. रस्त्याकडेला अवजारांचं दुकान, दारात नांगर, रोटाव्हेटर, ताज्या रंगाचा वास. दुकानदार बोलका होता. ट्रॅक्टरच्या मागं लावायची दोन यंत्रं त्यानं शेजारी शेजारी मांडली होती.

“ह्यो पैलवान,” त्यानं पहिल्यावर थाप मारली. “रोटरी कटर. बाभळीचं पोर आलं तरी सोडत न्हाई. पातं दगडावर आदळलं तर आपसूक मागं वळतंय. पण कापंल ते वरवर, चार-पाच बोटं खोड ऱ्हाईल, अन् दिसायला खरबरीत. आन् ह्यो न्हावी.” त्यानं दुसऱ्याची चाकं फिरवून दाखवली. “फिनिश मोवर. तीन पाती, बुडाला चाकं. जिमिनीला लागून घोटून दाढी करतो. गालिचा करून देतो गालिचा.”

“ह्योच पायजे,” शिवा म्हणाला.

“खड्डे-उंचवटे हायती का?”

“हायती. पण लेव्हल करून घेणार की. ट्रॅक्टरला ब्लेड लावून एकदा सगळं सपाट वढायचं, मग हरळी लावायची.”

“मग ह्योच. पैलवानाला कशीबी जमीन चालती. न्हाव्याला डोस्कं सरळ पायजे.” दुकानदार माझ्याकडं वळला. “साहेब, तुम्ही बोलंना. तुमची जमीन कशी हाय, तेवढं सांगा. यंत्र मी सांगतो.”

सोपा प्रश्न होता. मुरमाड, उताराची, मधे उंचवटा, एवढं म्हणालो असतो तरी चाललं असतं. माझ्यासमोर ब्लेड दिसत होतं, उंचवट्यावर चढून पलीकडं उतरणारं. मुरूम खरवडत, ढकलत, खळग्यात भरत. अण्णांची, अव्वा-आप्पांची जागा शिवा सोडणार होता. तिथं त्याला एक छानसा कट्टा बांधायचा आहे, फुलझाडं लावायची आहेत. पण पलीकडच्या उताराबद्दल त्याला काही माहीत नव्हतं. त्याच्या जन्माआधीची गोष्ट. झुबके त्याच्यासाठी बापाची एक खोड होती.

“विचार करून येतो,” मी म्हणालो. शिवाचं तोंड उतरलं.

परतताना उदगीर मागं पडेपर्यंत त्यानं ट्रॅक्टर दामटला. मग म्हणाला, “काका, राग धरू नका. तुम्ही नांदेडात बसून माळ आठवता. मी हितं ऱ्हातो. आठवणीवर घर चालंना.”

“खरं आहे तुझं.”

“मग?”

मी त्याला बोरीपाशी ट्रॅक्टर थांबवायला सांगितलं. तिथं बसून सगळं सांगितलं. पाळण्यावरचं फडकं, पहारीचे दोन आवाज, अव्वाचं भिंतीकडं तोंड करून बोलणं. शिवा ऐकताना गवताची एक काडी बोटाला गुंडाळत होता, सोडत होता.

“मला आत्या होती?” तो म्हणाला.

“होती. महिनाभर.”

“कुठं हाय मग?”

“उंचवट्याच्या पलीकडं असंल. नक्की ठाऊक न्हाई. स्वामी तर कवाच गेले, मागं फक्त अण्णांना ठाऊक होतं.”

तो उठला आणि गवतात शिरला. मीही गेलो. आम्ही पलीकडचा उतार चालून काढला. हातांनी गवत बाजूला सारत, कुठं खळगा लागतो का, कुठं गवत दाट आहे का, बघत. जिथं बघावं तिथं गवतच होतं. शिवा मधेच थांबून म्हणाला, “न्हाई ठाऊक ती जागा जपायची कशी, काका?” तो भांडत नव्हता. त्याला खरंच उत्तर पाहिजे होतं. मी पुढचं गवत बाजूला सारलं.

दुसऱ्या दिवशी तो एकटाच उदगीरला गेला. आला तेव्हा ट्रॅक्टरच्या मागं रोटरी कटर होता.

“भाड्यानं आणलाय,” तो उतरत म्हणाला. “वरवर कापू. जमीन हालायची न्हाई. कापल्यावर कदाचित दिसंल. इतकी वर्षं जिथं विळा लागला न्हाई तिथली बुडं जाड असतील की.”

हे मला सुचलं नव्हतं. सुचलं असतं तरी मी बोलून दाखवलं नसतं.

सकाळी त्यानं यंत्र जेवढं वर उचलता येईल तेवढं उचललं आणि बांधापासून सुरुवात केली. पाती फिरू लागली तसा धुरळा, कुसळं, टोळ उडाले. कापल्या गवताचा वास दाटून आला. विळ्यानं कापल्यावर येतो त्याहून हा उग्र होता, सगळं गवत एकदम चिरडल्यासारखा. वहिनी बोरीखाली उभ्या होत्या. उंचवट्याच्या पलीकडं गेल्यावर शिवानं ट्रॅक्टर इतका हळू केला की मला चालत सोबत जाता आलं. मी जमिनीकडं बघत होतो, तो मागं वळून वळून बघत होता.

दुपारपर्यंत माळ कापून झाला. शिवानं ट्रॅक्टर बंद केला. एकदम सगळं शांत झालं. आम्ही उतारावर उभे राहून पाहिलं. सगळीकडं सारखीच बुडं होती. पाच-सहा ठिकाणी दाट वाटली, जवळ गेल्यावर तशी नव्हती. आणखी एकदा फिरलो. वहिनींनी लांबून विचारलं, “दिसलं का?” शिवानं हात हलवला. नाही म्हणून.

लॉनचं त्यानं सोडून दिलेलं नाही. “एवढं वर्ष ऱ्हाऊ द्या,” म्हणाला. पुढच्या वर्षी तो पुन्हा विचारील, आणि त्यानं विचारावंच.

माळावर आता चार-पाच बोटं खोड आहे. बोरीजवळ तीन समाध्या आहेत. चौथी जागा उताराला कुठंतरी आहे, ती सांगणारं कुणी राहिलं नाही. शिवा उंचवट्यावर पोचला की चपला काढून हातात घेतो आणि पलीकडचा सगळा उतार अनवाणी चालतो. खोडं टोचतात. मीही तसाच चालतो.